संगणकाचे वय कसे मोजायचे

दुकानात खोक्यातून नुकत्याच काढलेल्या संगणकाला एकाच वेळी तीन-चार वये असतात. प्रोसेसरची रचना ज्या वर्षी झाली ते पहिले. तो प्रोसेसर ज्या वर्षी नव्या नावाने बाजारात उतरला ते दुसरे. कंपनीने ते मॉडेल ज्या वर्षी जुळवून विक्रीला ठेवले ते तिसरे. चौथे वय उलटे मोजायचे असते: या यंत्राला सुरक्षेचे अपडेट अजून किती वर्षे मिळणार? ‘लेटेस्ट घ्यावा की मागच्या जनरेशनचा’ असे विचारणारे गिऱ्हाईक बहुधा दुसऱ्या वयाबद्दल बोलत असते आणि दुकानदार तिसऱ्याबद्दल. पैसे वसूल होणार की नाही हे मात्र पहिल्या आणि चौथ्या वयावर ठरते.

ही वये एकमेकांपासून किती लांब असू शकतात, हे एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू या प्रोसेसरवरून दिसते. तो सप्टेंबर २०२२मध्ये जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास येऊ लागला. आकडा सात हजारांचा, म्हणजे त्या वेळच्या ताज्या मालिकेतला. आतली रचना मात्र ‘झेन २’, म्हणजे २०१९ची. त्याच मालिकेतल्या ७५३०यूमध्ये झेन ३ आहे, तर ७६४०एचएसमध्ये झेन ४. पिढी कळते ती आकड्यातल्या तिसऱ्या स्थानावरून, पहिल्या नव्हे. कंपनीने ही पद्धत उघडपणे जाहीर केली होती, त्यामुळे तिला फसवणूक म्हणता येणार नाही. पण मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला आलेला बाप तिसरे स्थान तपासत बसणार नाही, हे कंपनीलाही ठाऊक असणारच. २०२१च्या ५६००यूमध्ये झेन ३चे सहा कोअर होते, ७५२०यूमध्ये झेन २चे चार. आकड्याने ‘जुना’ असलेला प्रोसेसर इथे रचनेने नवा आणि कामाला सरस आहे. इंटेलकडेही हा घोळ आहेच. डिसेंबर २०२३मध्ये ‘कोअर अल्ट्रा’ हे नाव आले. त्यानंतरच्या, नावात ‘अल्ट्रा’ नसलेल्या कोअर ५ १२०यू, कोअर ७ १५०यू या चिप्स तेराव्या पिढीच्याच रचनेवर बेतलेल्या आहेत. म्हणून ‘आय फाइव्ह आहे’ किंवा ‘रायझन सेव्हन आहे’ एवढ्या माहितीवर काहीच ठरत नाही. पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्यावा आणि त्याची मूळ रचना शोधावी. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते दुकानात जाण्यापूर्वी व्हायला हवे.

‘संगणक घ्यायचा तर सगळ्यात नवाच’ हा सल्ला मुळात चुकीचा नव्हता. तो एका विशिष्ट काळाचा होता. १९६५मध्ये गॉर्डन मूर यांनी चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असे भाकीत मांडले आणि १९७५मध्ये ती मुदत दोन वर्षांवर नेली. १९८९मध्ये इंटेलचा ४८६ आला तो २५ मेगाहर्ट्झचा. मार्च २०००मध्ये एएमडीने, आणि दोनच दिवसांनी इंटेलने, १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. अकरा वर्षांत निव्वळ घड्याळाचा वेग चाळीसपट झाला होता. त्या काळात तीन वर्षांपूर्वीचा संगणक खरोखरच नव्या सॉफ्टवेअरसमोर गुडघे टेकत असे. ॲरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये अर्धवट थट्टेने एक शोधनिबंध लिहिला. वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर आजच्या यंत्रावर २६ महिन्यांहून जास्त चालणारे गणित आज सुरूच करू नये, असे त्यात दाखवले होते. काही काळ मजा करावी, मग नवे यंत्र घ्यावे, तरीही गणित आधी संपेल. गणित चोख होते. गृहीतक मात्र फार वर्षे टिकले नाही.

२००४मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. चिपवरचे घटक लहान होत गेले तरी चिपची उष्णता त्या प्रमाणात कमी होईना आणि वेग वाढवला की चिप भाजून निघे. तेव्हापासून सुधारणा येतात त्या कोअरची संख्या, दर ठोक्याला होणारे काम आणि विजेची बचत या वाटांनी. या सुधारणा खऱ्या आहेत, पण वर्ड, एक्सेल, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एवढेच काम असणाऱ्याला एका पिढीचा फरक जाणवतही नाही. दोन पिढ्यांचा क्वचित जाणवतो. गेल्या पंधरा वर्षांत सामान्य वापरात सर्वांत मोठी झेप प्रोसेसरने घेतलेली नाही. ती घेतली हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या एसएसडीने. फिरत्या तबकडीवरचा विखुरलेला तुकडा शोधायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्सा. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपमध्ये साधी साटा एसएसडी बसवली, तरी तो हार्ड डिस्कवर चालणाऱ्या त्याहून नव्या संगणकापेक्षा चपळ वाटतो. पुढची झेप तेवढी मोठी नाही. सेकंदाला ५५० मेगाबाइटची साटा एसएसडी आणि ७,००० मेगाबाइटची एनव्हीएमई यांतला फरक मोठ्या व्हिडिओ फाइली हलवताना कळतो. टॅलीमध्ये नोंदी करताना तो कळत नाही.

नव्याच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: नवे मॉडेल जुन्यापेक्षा काही बाबतींत मंदही असू शकते. ॲपलच्या एम२ मॅकबुक एअरच्या २५६ जीबीच्या मूळ आवृत्तीत साठवणुकीच्या दोन चिप्सऐवजी एकच बसवली होती. त्यामुळे तिची एसएसडी आधीच्या एम१ एअरपेक्षा जवळपास निम्म्या वेगाने वाचत असे. भारतात एम१ एअर नोव्हेंबर २०२०मध्ये ९२,९०० रुपयांना आला होता, तर एम२ २०२२मध्ये १,१९,९०० रुपयांना. ऑक्टोबर २०२४मध्ये इंटेलचे डेस्कटॉपसाठीचे कोअर अल्ट्रा २०० आले. त्यांनी वीज वाचवली, पण अनेक गेममध्ये ते स्वतःच्याच चौदाव्या पिढीमागे पडले.

नव्या मालाचा दुसरा धोका म्हणजे न सापडलेले दोष. १९९४मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांना पेंटियम चिप काही भागाकार चुकवते असे आढळले. इंटेलने आधी दोष क्षुल्लक ठरवला आणि मग सरसकट चिप बदलून देण्याची तयारी दाखवली. हिशेबात ४७.५ कोटी डॉलरचा बोजा दाखवावा लागला. जानेवारी २०११मध्ये सँडी ब्रिज पिढी बाजारात येऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात तिच्या जोडीच्या चिपसेटमधले काही साटा पोर्ट कालांतराने बिघडतात असे कळले आणि माल परत बोलवावा लागला. यावरून ‘सहा महिने थांबा, दोष निवळू द्या’ असा सल्ला दिला जातो, आणि बहुतेक वेळा तो योग्यच ठरतो. पण तोही पूर्ण हमी देत नाही. इंटेलची तेरावी पिढी २०२२च्या ऑक्टोबरात आली आणि चौदावी २०२३च्या. त्यांच्या मोठ्या डेस्कटॉप चिप्स जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू झिजतात हे २०२४च्या मध्यावर पक्के झाले. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. वर्षभर थांबून तेरावी पिढी घेतलेले शहाणे गिऱ्हाईकही त्यात सापडले होते. बाराव्या पिढीवर समाधान मानणारे सुटले.

दोष नसूनही नवे तंत्र एखाद्याच्या कामाला न जुळणे हा तिसरा प्रकार, आणि महाराष्ट्रातल्या छपाई व्यवसायाला तो चांगलाच परिचित आहे. युनिकोडपूर्व काळातली फाँट पॅकेजे, त्यांचे हार्डवेअर लॉक आणि २००१मध्ये ज्याची शेवटची आवृत्ती निघाली तो पेजमेकर यांवर अनेक डीटीपी केंद्रांनी वर्षानुवर्षे दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका जुळवल्या. जुन्या मजकुराच्या हजारो फाइली त्याच साच्यात अडकलेल्या असल्यामुळे कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीवरचा संगणक जिवंत ठेवणे ही तिथे गरज असते. त्याला हौस म्हणता येणार नाही. जून २०२४मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम रचनेच्या चिपवरचे विंडोज लॅपटॉप आले. त्यांची बॅटरी दिवसभर पुरते. इंटेलसाठी लिहिलेले बरेच सॉफ्टवेअर त्यांवर अनुवादक थराच्या आधाराने चालते. ड्रायव्हरला मात्र हा आधार मिळत नाही, तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. म्हणजे जुना लॉक, जुना स्कॅनर, बिल छापणारा जुना प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन यांपैकी एखादे मुकाट बंद पडू शकते. वकील, सीए आणि डीटीपीवाले यांनी असा लॅपटॉप घेण्याआधी आपले प्रत्येक उपकरण त्याला जोडून पाहावे. विद्यार्थ्याला यातले काहीच नको असते, त्याला तोच लॅपटॉप सोयीचा पडेल.

सध्याच्या जाहिरातींतला ‘एआय पीसी’ही इथेच तपासून घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ या शिक्क्यासाठी एनपीयू नावाच्या वेगळ्या भागाने सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणे आणि १६ जीबी रॅम असणे आवश्यक आहे. लोक रोज वापरतात त्या एआय सेवांचे बहुतेक काम दूरच्या सर्व्हरवर होते, एनपीयू तिथे नुसता बसून असतो. केवळ त्याच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण आज तरी दिसत नाही. या शिक्क्याने १६ जीबीचा आग्रह धरला, हा मात्र ग्राहकाचा खरा फायदा झाला. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४पासून मॅकबुक एअर किंमत न वाढवता १६ जीबीपासून सुरू केला.

थांबले की स्वस्त मिळते, हा समज संगणकाच्या बाजारात इतका रुजलेला आहे की त्याने एक कंपनी बुडवली असे सांगितले जाते. ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३मध्ये ते कोडाईकनालला वारले. १९८१मध्ये त्यांनी सुमारे ११ किलोचा, १,७९५ डॉलरचा ‘ऑस्बोर्न १’ आणला. उचलून नेता येईल असा आणि बाजारात खरोखर यशस्वी झालेला तो पहिला संगणक. पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलची वाच्यता तयारीआधीच झाली, विक्रेत्यांनी जुन्याची मागणी थांबवली आणि सप्टेंबर १९८३मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. बुडण्याला इतरही कारणे होती, पण नाव पडले ते ‘ऑस्बोर्न परिणाम’ असेच. तेव्हापासून अनेक कंपन्या पुढच्या मॉडेलबद्दल शेवटच्या घटकेपर्यंत मौन पाळतात.

थांबण्याचे गणित दोनदा तरी साफ उलटले आहे. २०११च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. काही आठवड्यांत अनेक डिस्कचे भाव दुपटीच्या घरात पोचले. २०२५च्या अखेरीस रॅमचे तसेच झाले. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळवली, डीडीआर५ रॅमचे किरकोळ भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. अशा काळात ‘आता ८ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ हा हिशेब महागात पडतो. त्यातच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच झाळलेली असते आणि पुढे वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही. जुन्या पिढीचा पण १६ जीबीचा आणि नव्या पिढीचा पण झाळलेल्या ८ जीबीचा, असे दोन लॅपटॉप एकाच किमतीला समोर असतील तर पहिला घ्यावा.

दिवाळीतल्या खरेदीला स्वतःचे वेळापत्रक आहे. नव्या चिप्सच्या घोषणा मुख्यतः जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएसमध्ये आणि मे-जूनमध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये होतात. माल इथल्या दुकानांत मुरायला आणखी काही महिने जातात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये सवलत असते ती निरोप घेणाऱ्या पिढीवर, आणि जाणत्या ग्राहकाला नेमकी तीच हवी असते. चार वर्षांचा झालेला एम१ एअर २०२४च्या सणासुदीत ६० हजारांच्या आत मिळत होता. ताज्या मॉडेलवर दाखवलेली सवलत मात्र अनेकदा फुगवलेल्या छापील किमतीवरची असते. २०२५च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर घटले तेव्हा लॅपटॉपही स्वस्त होतील अशी आशा होती, पण त्यांवरचा १८ टक्के कर होता तसाच राहिला. व्यावसायिकासाठी आणखी एक बारकावा आहे. संगणकावर प्राप्तिकरात ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच. ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांनंतर घेतलेला, म्हणजे पाडव्याच्या मुहूर्तावरचा जवळपास प्रत्येक संगणक, त्या वर्षी २० टक्क्यांवर येतो. उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतो, त्यामुळे मुहूर्त मोडण्याचे कारण नाही. एवढेच की केवळ कर वाचवायला घेणाऱ्याने ऑक्टोबर उजाडण्याआधी घ्यावा.

चौथ्या वयाचा, म्हणजे उरलेल्या आयुष्याचा, खरा चटका बसला तो विंडोज १०च्या ग्राहकांना. २९ जुलै २०१५ला आलेल्या या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पुढच्या सुरक्षा अपडेटची सोय घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा लागते आणि एखाददुसरा अपवाद वगळता इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका लागते. सातव्या पिढीच्या डेस्कटॉप चिप्स जानेवारी २०१७मध्ये आल्या, आठव्या पिढीच्या लॅपटॉप चिप्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. या पहिल्या आठव्या पिढीची रचना सातवीचीच थोडी सुधारलेली होती, कोअर तेवढे दोनाचे चार झाले होते. तरीही रेघ या दोहोंमध्येच ओढली गेली. काही महिन्यांच्या फरकाने एक संगणक विंडोज ११वर गेला, दुसरा बाहेर राहिला.

ॲपलकडे हे याहून कठोरपणे घडले. मार्च २०२०मध्ये इंटेल चिपचा मॅकबुक एअर आला, जूनमध्ये ॲपलने स्वतःच्या चिपकडे वळण्याची घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये एम१ एअर आला. सप्टेंबर २०२५ची मॅकओएस टाहो ही आवृत्ती एम१वर चालते. आठच महिने आधी घेतलेल्या इंटेल एअरवर चालत नाही. मागची पिढी घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असले, तरी पाया बदलत असतो तेव्हा ते तसे नसते. प्रोसेसरची जात बदलते, प्रणालीची किमान अट बदलते, मदरबोर्डचे सॉकेट बदलते, अशा वेळी जुन्या बाजूचा माल कितीही स्वस्त असो, त्याचे उरलेले आयुष्य आधी मोजावे.

सॉकेटचा मुद्दा असेंबल्ड डेस्कटॉप घेणाऱ्यांसाठी आहे. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१७मध्ये पहिल्या रायझनबरोबर दुकानांत आले आणि एप्रिल २०२२च्या ५८००एक्स३डीनंतरही टिकले. सुरुवातीच्या अनेक मदरबोर्डांवर बायोस बदलून ही चिपही बसली. मदरबोर्ड आणि रॅम तीच ठेवून प्रोसेसरची ताकद कित्येक पटींनी वाढवता आली. याच काळात इंटेलचे सॉकेट दोन-तीन वर्षांनी बदलत राहिले. डेस्कटॉपमध्ये जुने तंत्र घ्यायचे असेल तर ज्याच्या पुढची पायरी अजून बाजारात मिळते असे घ्यावे.

सेकंड हँडचा बाजार या सगळ्याचे टोक आहे. मोठ्या आयटी कंपन्या आणि बँका लॅपटॉप ठराविक मुदतीने बदलतात. लीज संपलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक झाडून-पुसून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात. हा माल वाईट नसतो. कंपन्यांसाठीच्या या मालिकांचा सांगाडा मजबूत, कीबोर्ड चांगला आणि सुटे भाग मिळणारे असतात. २५ हजारांच्या आसपासचा नवा कोरा लॅपटॉप घेण्याऐवजी त्याच पैशांत असा जुना घेणे अनेकदा सरस ठरते, कारण स्वस्त नव्यात कंपनीने पडदा, बिजागऱ्या आणि रॅम या तिन्हींत हात आखडता घेतलेला असतो. मात्र आठव्या पिढीच्या खालचा कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये, लिनक्स वापरायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. बायोसला आधीच्या कंपनीचे कुलूप नाही हे दुकानातच उघडून पाहावे. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते, ती निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते, त्यामुळे ‘फार वापरलेला नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य बॅटरीच्या बाबतीत निरर्थक आहे. बिल पक्के घ्यावे, त्यावर सीरियल नंबर असावा.

घरातल्या जुन्या संगणकाचे काय, हा प्रश्न खरेदीच्या हिशेबातच येतो. एक्स्चेंजमध्ये मिळणारी रक्कम सहसा तुटपुंजी असते. त्यापेक्षा एसएसडी आणि रॅम वाढवून तोच आणखी काही वर्षे वापरता येतो का, हे आधी पाहावे. देऊन टाकायचा असेल तर फाइली नुसत्या डिलीट करून भागत नाही, ड्राइव्ह पूर्ण पुसून घ्यावी लागते किंवा काढून ठेवावी लागते. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या यंत्रांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमार्फतच व्हायला हवी. बॅटरी फुगलेली असेल तर तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नये, भंगारवाल्याकडेही देऊ नये. तो थेट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रातच पोचवावा.